आधी अंधार, मग औषध

वाचकांचे प्रश्न: जखमी वन्यप्राणी आणि त्यांचे उपचार

वन्यप्राण्यांची डॉक्टर म्हणून मला या वेळी आलेल्या पत्रांत पिल्लांबद्दलची पत्रं सर्वांत जास्त आहेत. सुरुवात मात्र एका घुबडाच्या पत्राने करते. ते मी तीनदा वाचलं.

*प्रश्न: अंगणात एक घुबड पडलेलं दिसलं. एक पंख लोंबत होता. आम्ही त्याला टॉवेलात गुंडाळून घरात आणलं, ड्रॉपरने चोचीत थोडं दूध-पाणी घातलं. मुलं रात्री उशिरापर्यंत त्याच्याजवळ बसून त्याला गोंजारत होती. ते अजिबात फडफडलं नाही, डोळे मिटून शांत बसलं होतं. आम्हाला वाटलं, त्याचा आमच्यावर विश्वास बसला. पहाटे पाहिलं तर मेलेलं होतं. आमचं काय चुकलं?*

तुम्ही त्याला उचललंत, घरात आणलंत, रात्रभर जागलात. त्यामागची कळकळ खरी आहे, म्हणून उत्तरही खरंच देते. तुम्हाला जी शांतता वाटली ती भीती होती.

कुत्र्याला लागलं की ते माणसाकडे येतं, कारण त्याच्या कित्येक पिढ्या माणसापाशी गेल्या आहेत. घुबडाच्या लेखी माणूस म्हणजे मोठा शिकारी प्राणी. गोंजारणारा हात त्याच्यासाठी मानगुटीवर पडलेला पंजा असतो. पळता येत नाही, झुंजायला ताकद नाही, अशा वेळी ते अंग आवळून निपचित राहतं आणि डोळे मिटतं. बाहेरून ते झोपाळलेलं दिसतं, आत काळीज प्रचंड वेगाने धावत असतं. आधीच रक्त गेलेलं, अंग थंड पडत चाललेलं, त्यात हे तासन्‌तास चालू राहिलं की शरीर हार मानतं. म्हणून मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते की भीती हाही आजार आहे आणि त्यावरचा इलाज जखमेच्या आधी करायचा.

आता दुधाचं. पक्षी पिल्लांना दूध पाजत नाहीत, त्यामुळे दुधातली साखर पचवणारं द्रव्य त्यांच्या पोटात नसतं. पण त्याहून मोठा धोका ड्रॉपरचा. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. चोच उघडून पाणी सोडलं की ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. टॉवेलाचंही तसंच. आपल्यासारखा छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा पक्ष्यांना नसतो. छातीचं हाड खाली-वर हलवूनच ते श्वास घेतात. टॉवेल घट्ट बसला तर नाकातोंडावर काही नसतानाही पक्षी गुदमरतो.

हे सगळं वाचून ‘आम्हीच मारलं’ असं मुलांना वाटू देऊ नका. पंख लोंबण्याइतका मार बसलेल्या पक्ष्याला आत रक्तस्राव झालेला असणं अगदी शक्य आहे, आणि तसं असेल तर माझ्या टेबलावरही ते वाचलं नसतं. पुढच्या वेळी इतकंच करा. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, त्याला भोकं पाडा, तळाशी जुनं सुती कापड घाला. पक्ष्यावर वरून कापड टाकून, पंख अंगाशी धरून त्याला आत ठेवा आणि झाकण लावा. घुबड-घार असेल तर चोचीपेक्षा नख्यांना जपा. खाऊ नको, पाणी नको, दर दहा मिनिटांनी झाकण उचलून पाहणं नको, फोटो तर नकोच. घरातली सगळ्यात शांत, उबदार खोली निवडा आणि वनखात्याला किंवा बचाव केंद्राला फोन करा. अंधारात पक्ष्याची धडधड खाली येते. ते खोकं तुमच्या हातून झालेला पहिला उपचार असतो.

हे मला कुणी शिकवलं तेही सांगते. नोकरीतलं दुसरं वर्ष होतं. चितळाची एक मादी कोरड्या विहिरीत पडली होती. कठड्याभोवती शे-दीडशे माणसं, सगळ्यांचा गलका, खाली दोर-जाळं घेऊन उतरलेले आमचे लोक आणि त्यांना चुकवत भिंतीवर धडका घेणारी ती. दोन तासांनी वर काढली तेव्हा अंगावर फक्त खरचटलेलं होतं. मी पाय तपासले, सगळे शाबूत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तिची लघवी कॉफीच्या रंगाची झाली. तिसऱ्या दिवशी ती बसली ती उठलीच नाही.

या आजाराला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. जिवाच्या आकांताने धडपडताना स्नायूंमध्ये आम्ल साचतं, अंग तापतं, स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतलं लाल द्रव्य रक्तात उतरून किडनी निकामी करतं. हरीणकुळातले प्राणी आणि रोहित-क्रौंचासारखे लांब पायांचे पक्षी याला फार लवकर बळी पडतात. मरण काही तासांत येतं, कधी काही दिवसांनी, म्हणजे सगळे ‘वाचलं’ म्हणून घरी गेल्यावर. एकदा पूर्ण सुरू झाला की यावर भरवशाचा उपचार नाही. तो टाळणं एवढंच हाती असतं. आज अशी विहीर समोर आली तर माझं पहिलं काम माणसं हटवणं. दुसरं म्हणजे भूल द्यायची की नाही ते ठरवणं. प्राणी हाताशी आला की लगेच डोळ्यांवर पट्टी, अंगावर गार पाणी आणि कुजबुजसुद्धा बंद. ती मादी माझ्या हातून गेली, विहिरीमुळे नाही.

*प्रश्न: डॉक्टरमावशी, मी सातवीत आहे. झाडाखाली पक्ष्याचं पिल्लू सापडलं. आजी म्हणते, माणसाचा हात लागला की आई त्याला परत घेत नाही. मग मी काय करू?*

आजीने जे ऐकलं तेच तुला सांगितलं. पण ते खरं नाही. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी आपलं पिल्लू टाकत नाहीत.

आधी लांबून नीट बघ. अंगावर पिसं नसतील, कातडी दिसत असेल, तर ते घरट्यातून पडलंय. घरटं दिसत असेल तर मोठ्या माणसाकडून हळूच परत ठेवून घे. अंगावर पिसं असतील, शेपटी आखूड असेल आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय! त्याचे आईबाबा जवळच्या फांदीवर चारा घेऊन, तू जायची वाट बघत बसलेले असतात. मांजर येत असेल तर पिल्लू उचलून जवळच्या झुडपात ठेव आणि लांब जा.

आणखी एक सांगते. हरणाची आई पाडसाला गवतात लपवून तासन्‌तास दूर राहते, मुद्दाम, म्हणजे शिकाऱ्याला तिच्या वासावरून पाडस सापडू नये. युरोपातल्या सशाची आई तर चोवीस तासांत साधारण एकदाच, अंधार पडल्यावर, दूध पाजायला येते. लोक अशी पिल्लं ‘अनाथ’ म्हणून उचलून आणतात आणि आई येते तेव्हा जागा रिकामी असते. तू विचारायला थांबलीस, हे फार चांगलं केलंस.

*प्रश्न: मॅडम, मी गायी-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. लोक अधूनमधून जखमी घार, माकड, घोरपड घेऊन येतात. नाही म्हणवत नाही, पण आम्हाला हे फारसं शिकवलेलं नसतं. कशाची काळजी घ्यावी?*

तुमच्यासारखे डॉक्टर दार उघडतात म्हणून पुढे आमच्यापर्यंत काहीतरी जिवंत पोचतं. तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

वजन अंदाजाने धरू नका. घार हातात भरपूर मोठी वाटते, पण तो सगळा पिसारा असतो. सलाईन द्यायचं तर अंगाइतकं कोमट करून द्या. पक्ष्याच्या शरीराचं तापमान ४० ते ४२ अंश असतं. क्रम चुकवू नका: ऊब, मग पाणी, मग अन्न. थंड पडलेल्या पोटात अन्न तसंच राहून सडतं. आणि बरेच दिवस उपाशी असलेल्या प्राण्याला एकदम पोटभर घातलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने खाली जाऊन तो खाल्ल्यामुळे मरतो.

पक्ष्याच्या दंडाचं हाड मोडून बाहेर आलं असेल तर त्यावर सलाईनची धार मारू नका. बहुतेक पक्ष्यांत ते हाड पोकळ असतं आणि श्वासाच्या हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. जखम धुता धुता तुम्ही त्याला बुडवाल. ओल्या गॉझने टिपून घ्या. पंखाला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पट्टी बांधा, पण ‘महिन्याने सोडू’ म्हणून विसरू नका. पक्ष्याचं हाड तीनेक आठवड्यांत धरतं आणि तेवढ्यात पंखाच्या पुढच्या कडेची कातडीची घडी आखडूनही जाते. हाड उत्तम जुळलेला आणि पंख न उघडणारा पक्षी मी पाहिला आहे. अधूनमधून भूल देऊन पट्टी सोडायची, पंख हळुवार ताणायचा, पुन्हा बांधायचा.

दुखणं कमी करायला हाताशी असेल ते औषध टोचू नका. आपल्या व्यवसायाने हा धडा फार महागात घेतला आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आपण गुरांना देत होतो. ती गुरं मेल्यावर गिधाडं ती खात आणि त्यांच्या किडन्या निकामी होत. पोस्टमॉर्टेमला आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर दिसायचा, युरिक अ‍ॅसिडचा. संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांवर काम करून २००४ मध्ये हे कारण उघड केलं. तोवर दक्षिण आशियातल्या काही जातींची ९५ टक्क्यांहून अधिक गिधाडं संपली होती. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे. मीही तेच वापरते. याच्याच जोडीची एक गोष्ट: पेंटोबार्बिटल देऊन दयामरण दिलेलं जनावर कधीही उघड्यावर टाकू नका. ते खाणाराही मरतो.

घोरपड, साप, कासव यांना गरम ठेवलं नाही तर तुमचं औषध नुसतं पडून राहतं. त्यांची पचनशक्ती, प्रतिकारशक्ती, सगळं बाहेरच्या उबेवर चालतं. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या भागात द्या, कारण मागच्या भागातलं रक्त आधी किडनीकडे जाऊ शकतं. आणि सरपटणारा प्राणी ‘मेला’ असं घाईने म्हणू नका.

वन्य रुग्णाला कुत्र्यांच्या वॉर्डात ठेवू नका. भुंकणं ऐकूनच तो अर्धा होतो, हे एक. दुसरं म्हणजे डिस्टेंपर, कुत्र्यांमधला विषाणूचा आजार. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत हा विषाणू सिंहांमध्ये शिरला आणि जवळपास एक-तृतीयांश सिंह मेले. आपल्याकडे बरा झालेला कोल्हा जंगलात जाताना दवाखान्यातला आजार घेऊन जाणार असेल तर आपण एकाला वाचवून बाकीच्यांना मारतो.

तुमच्या स्वतःसाठी रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा, मदतनीसालाही द्या. कुठलाही सस्तन प्राणी, वटवाघूळसुद्धा, चावला किंवा ओरखडला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी पुढचे डोस सुरू करायचे. माकडाचं पिल्लू कितीही केविलवाणं दिसलं तरी हातमोजे घालूनच उचलायचं.

*प्रश्न: किनाऱ्यावर तेलाने माखलेले पक्षी आले तर आम्ही लगेच साबणाने धुवावेत का?*

लगेच नको. मन ऐकत नाही, मला माहीत आहे. तेलाने पिसांची जुळणी विस्कटते, पाणी थेट कातडीला लागतं आणि पक्षी गारठतो. शिवाय चोचीने साफ करताना तो तेल गिळतो. अशा अवस्थेत धुणं म्हणजे दुसरा मोठा धक्का. आधी एक-दोन दिवस ऊब, पाणी, अन्न देऊन त्याला उभं करायचं आणि मग साधारण ४० अंशांच्या पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाने, टब बदलत बदलत धुवायचं. नंतर साबणाचा अंशही राहू नये म्हणून धुण्याइतकाच वेळ खळबळायचं.

याबाबतीत मला नेहमी आठवते ती जून २००० मधली दक्षिण आफ्रिकेची घटना. केपटाऊनजवळ ‘ट्रेझर’ नावाचं जहाज बुडालं आणि आफ्रिकन पेंग्विनांच्या दोन मोठ्या बेटांना तेलाचा वेढा पडला. सुमारे १९,००० पेंग्विन तेलाने माखले. हजारो स्वयंसेवकांनी ते धुतले, हाताने भरवले आणि त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक परत समुद्रात गेले. हे काम अफाटच आहे. पण त्याच वेळी आणखी एक निर्णय झाला, तो मला जास्त शहाणपणाचा वाटतो. जवळपास १९,५०० पेंग्विनांना अजून तेल लागलेलं नव्हतं. त्यांना उचलून किनाऱ्याने शेकडो किलोमीटर लांब पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन सोडलं. ते पोहत घरी परतेपर्यंत इकडे तेल काढायला वेळ मिळाला. त्यांना ना टब लागला, ना साबण.

*प्रश्न: घुबडाचं पिल्लू वाढवलं. आता सहा महिन्यांचं आहे, खांद्यावर बसतं, हाक मारली की येतं. सोडावं का?*

आज, तुमच्या हाताने, नको. ते स्वतःला घुबड समजत नाही. सोडलंत तर भुकेच्या वेळी कुणाही माणसाच्या अंगावर झेपावेल आणि लोक काठीने मारतील. केंद्रात द्या; तिथे मोठ्या घुबडांशेजारी ठेवून, जिवंत शिकार करायला शिकवून काही जमतं का ते बघता येईल. जमेलच असं नाही. कॅलिफोर्निया कॉन्डर हे गिधाड १९८७ पर्यंत उरलेसुरले सगळे २७ पक्षी बंदिवासात आणून वाचवण्यात आलं. त्याची पिल्लं वाढवताना माणसाचं तोंड दिसू नये म्हणून हातात मोठ्या कॉन्डरच्या डोक्याची बाहुली घालून भरवायचे. ती मेहनत नेमकी हेच टाळण्यासाठी होती.

*प्रश्न: आम्ही जीव धोक्यात घालून तारेतून सोडवलेली घार तुमच्यासारख्याच एका डॉक्टरने इंजेक्शन देऊन मारली. नुसता एक पंख गेला होता. पिंजऱ्यात जगली नसती का? डॉक्टरचं काम वाचवणं की मारणं?*

तुमचा राग मी मनापासून समजू शकते. त्या घारीला मी पाहिलेलं नाही, म्हणून तिच्याबद्दल बोलत नाही. मी स्वतः दिलेल्या एका इंजेक्शनबद्दल सांगते.

तीही घारच होती. पंखाच्या कोपराचा सांधा चुरडलेला, जखम आठवडाभर जुनी, बाहेर आलेलं हाड वाळून काळं पडलेलं. हाड मधोमध मोडलं असतं तर मी आत सळई घालून, बाहेरून आधार देऊन प्रयत्न केला असता. तशा कित्येक घारी परत उडाल्या आहेत. सांध्याचं तसं नसतं. सांधा जुळला तरी वाकत नाही. मी एक्स-रे दोनदा काढला, कारण मला दुसरं उत्तर हवं होतं.

पिंजऱ्याचा विचार मी केला नसेल असं वाटतं का? सुरुवातीच्या काळात मी तसे पक्षी ठेवले. घार आयुष्यभर हवेत तरंगणारा पक्षी आहे. ती जमिनीलगतच्या दांडीवर दिवसभर उभी राहिली की तळव्यांना फोड येतात, ते पिकतात, हाडापर्यंत जातात. रोज पकडून मलमपट्टी करायची, म्हणजे रोज तीच, पहिल्या पत्रातल्या घुबडाची भीती. असा एक पक्षी माझ्याकडे चार वर्षं होता. तो जिवंत होता, एवढंच मी त्याच्याबद्दल म्हणू शकते. मला बरं वाटावं म्हणून मी त्याला ठेवलं होतं, हे कळायला मला चार वर्षं लागली.

प्रत्येक वेळी उत्तर एकच असतं असंही नाही. थायलंडमध्ये मोशा नावाच्या हत्तिणीचा पाय ती सात महिन्यांची असताना भूसुरुंगात गेला. लांपांगच्या हत्ती रुग्णालयाने तिला कृत्रिम पाय बसवला आणि ती वाढत गेली तसा तो बदलत राहिले. पण ती माणसांमध्ये वाढलेली होती. तिला रोज हात लावणं हा रोजचा छळ नव्हता. जात नामशेष व्हायला टेकलेली असेल, तर उडू न शकणाराही पक्षी पिल्लं देण्यासाठी मोलाचा ठरतो. म्हणून मी आधी बघते की हा प्राणी पुन्हा पळेल-उडेल का, आपलं खाणं आपण मिळवेल का, आपल्या जातीत राहील का. आणि नसेल तर माणसाजवळचं जगणं याला सोसेल का. चारही उत्तरं ‘नाही’ आली की मी वाट बघत नाही, कारण वाट बघण्याचा त्रास त्याला होतो, मला नाही.

त्या घारीला मी आधी मास्कमधून भुलीचा वायू दिला. ती झोपल्यावर इंजेक्शन दिलं. तिला सुई कळली नाही. सोबत तिला आणणारा मुलगा होता. त्याने बाहेर थांबायचं नाकारलं आणि शेवटपर्यंत खोक्यावर हात ठेवून उभा राहिला. तुम्ही घार तारेतून काढली नसती तर ती तिथेच उलटी लटकून दोन-तीन दिवसांनी मेली असती. तुमच्या मेहनतीने ते टळलं. पुढच्या वेळी डॉक्टरांना एक्स-रे दाखवायला सांगा, कारण विचारा. तो तुमचा हक्क आहे आणि समजावून सांगणं हे आमचं काम आहे. तुम्हाला ते कुणी सांगितलं नसेल तर आम्ही डॉक्टर तिथे नक्की कमी पडलो.

*प्रश्न: रस्त्यावर गाडीखाली आलेलं कासव मिळालं. कवच फुटलंय, आत ओलसर दिसतंय, पण पाय हलवतंय. वाचेल?*

वाचू शकतं. फुटलेली कवचं मी जुळताना पाहिली आहेत. कवच हे जिवंत हाड आहे, त्याला रक्तपुरवठा असतो. त्यावर फेविक्विक, एम-सील, हळद, काहीही लावू नका. पूर्वी आम्ही डॉक्टरसुद्धा फायबर-ग्लासचा लेप लावून भेग बंद करायचो आणि आत पू साठायचा. आता जखम उघडी ठेवून साफ करतो आणि तुकडे तारेने-स्क्रूने जवळ आणतो. महिने लागतील, वर्षही लागेल. स्वच्छ ओलसर कापडाने भेग झाका, माश्या बसू देऊ नका, टबात किंवा पाण्यात सोडू नका, खोक्यात ठेवून आजच केंद्रात न्या.

आणि ते नेमकं कुठे सापडलं, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, तोंड कुठल्या दिशेला होतं, हे कागदावर लिहून खोक्यावर चिकटवा. कासवाला आपली जागा माहीत असते. बरं झाल्यावर त्याला तिथेच, आणि ते ज्या बाजूला निघालं होतं त्या बाजूला सोडायचं असतं.